एकेचाळीस नंबरचं कार्ड

१

शेवटचा साधा दिवस फ्रिजवरून भांडण्यात गेला.

ती आदल्या संध्याकाळीच आईबाबांकडे आली होती. दुपारी दूध काढायला फ्रिजचं दार उघडलं आणि तिचं डोकंच फिरलं. अंड्यांच्या खाचांत अंडी नव्हती. तिथे पोस्टकार्डाएवढे जाड कागद उभे केलेले. दुधाच्या पिशवीच्या जागी एक चपटा प्लास्टिकचा डबा, त्यातही तसलेच कागद. प्रत्येकावर वाळूच्या कणांसारखे काळे दाणे डकवलेले.

"बाबा, हे काय आहे?"

"शंभर कार्डं," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"मोजून नाही मागितली मी. स्वयंपाकघरात काय करतायत?"

"शेडवरचा फ्रिज बंद पडलाय. दोन महिने सचिवांच्या मागे लागलोय. म्हणाले, अर्ज द्या. दिला. आता म्हणतात, अर्ज कुठे ठेवला ते आठवत नाही."

"म्हणून किडे दुधाशेजारी?"

"किडे नाहीत अजून. चारपाच दिवसांनी होतील. तोवर थंड ठेवायचे म्हणजे लवकर बाहेर येत नाहीत."

हे तिला लहानपणापासून पाठ होतं. बाबा टोमॅटो पिकवणाऱ्यांच्या संस्थेत कीटक वाढवायचे. गांधीलमाशीच्याच घराण्यातला, पण टाचणीच्या टोकावर मावेल एवढा कीटक. तो दुसऱ्या पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालतो. पतंगाच्या अंड्यातून अळी यायच्याऐवजी हीच इवली माशी बाहेर पडते. अशी अंडी डकवलेली कार्डं टोमॅटोच्या पानांखाली टाचली की फळ पोखरणारी अळी जन्मालाच येत नाही आणि फवारणी वाचते. हे सगळं छानच होतं. फक्त ते दुधाशेजारी नको होतं.

"तू काही म्हणत नाहीस का गं यांना?" तिने आईला विचारलं.

"मी फ्रिज उघडायच्या आधी दार वाजवते," आई म्हणाली. "उगाच कुणाची झोपमोड नको."

बाबा वर्तमानपत्राआड हसले. तिला हसू आलं नाही. तिने फ्रिज रिकामा केला, कप्पे धुतले, पुसले, आणि जे जिथे मावेल तिथे कोंबून दार लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं दूध काढताना कालचा घाईतला पसारा पुन्हा जागच्या जागी लावला. साडेसातला बाबा कार्डं पिशवीत भरून निघाले. दारात थांबले.

"फ्रिज तू आवरलास?"

"मग कोण आवरणार? तुम्ही?"

"छान आवरलास," बाबा म्हणाले, आणि चपला घालून गेले.

दुपारी बारा वाजता शेडच्या अंगणात ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

२

अकराव्या दिवशी सचिव आले. हातात फुलं आणि एक टाइप केलेला कागद. फुलं त्यांनी आईला दिली, कागद हिला.

"शुक्रवारच्या सभेत ठराव मांडायचाय. म्हटलं, आधी घरच्यांना दाखवावा. माणुसकी म्हणून."

तिने वाचलं. "'संस्थेच्या दिवंगत कीटकपालांच्या वयोमानपरत्वे झालेल्या हलगर्जीपणामुळे साठ कार्डं निकामी निघाली व सभासदांच्या पिकाचं नुकसान झालं. सबब कीटकशेड बंद करून फवारणी सुरू करावी.'" तिने मान वर केली. "काका, हे काय आहे?"

"बेटा, माणूस देव होता. पण शेवटी वय झालं की हात चुकतो. चाळीस कार्डांतून माश्या निघाल्या, बाकीच्यांतून चिटपाखरूही नाही. शेवटची खेप त्यांचीच होती. मग दुसरं कोण?"

"तुम्ही तपासलंत?"

"तपासायचं काय त्यात? एवढी सगळी कार्डं खोटं बोलतील का?"

"कार्डं बोलत नाहीत, काका. म्हणून तर तुमचं फावलंय."

सचिव दुखावले. दुखावलेल्या माणसाला चहा द्यावा लागतो, म्हणून तिने चहा दिला. ते फुंकर मारमारून प्यायले, बाबांच्या आठवणीने दोनदा डोळे पुसले, आणि ठराव काही मागे घेतला नाही.

ते गेल्यावर आई म्हणाली, "एकदा इतिवृत्तात लिहिलं की तेच खरं होतं. तीस वर्षं काम केलं माणसाने, आणि वहीत राहणार हलगर्जीपणा."

तिने रजा चार दिवसांनी वाढवली. कॉलेजच्या ग्रंथालयात तिचं कामच होतं की चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक शोधून काढायचं. ही साठ कार्डं कुणाच्या हातून चुकली, तेवढं तिला शोधायचं होतं.

३

कीटकशेड म्हणजे पत्र्याची लांबट खोली. एका भिंतीला काचेच्या बरण्यांची फडताळं, खिडकीशी टेबल, कोपऱ्यात बंद पडलेला फ्रिज. त्यात आता झाडू ठेवलेले होते. बाबांची मदतनीस तिथे बारा वर्षं होती. गळ्यात दोरीने भिंग लटकलेलं असायचं, म्हणून सगळा गाव तिला भिंगवाली म्हणे, जसं बाबांना मास्तर. ही तिला मावशी म्हणायची.

"मावशी, परत आलेली कार्डं कुठेत?"

"कशाला बाळ? जाऊ दे ना. गेलेलं माणूस गेलं."

"कार्डं दाखव."

भिंगवालीने नाइलाजाने खोकं पुढे ओढलं. सभासदांनी शेतातून उपटून आणलेली कार्डं, पानांचा चुरा अजून चिकटलेला. कोपऱ्यात बाबांच्या निळ्या शाईत आकडा आणि तारीख. तिने भिंग डोळ्याला लावलं.

"हे चार नंबरचं. प्रत्येक काळ्या दाण्याला बारीक भोक आहे."

"माशी बाहेर पडली त्याचं."

"आणि हे सत्तर नंबरचं. दाणे काळेच आहेत, पण भोक नाही." ती थांबली. "मावशी, अंडं मुळात काळं कधी होतं?"

भिंगवालीने एक बरणी उगाच सरळ केली.

"मावशी!"

"ओरडू नकोस गं. पतंगाचं अंडं पांढरट असतं. आत आपली माशी वाढायला लागली की चौथ्या दिवशी काळं पडतं."

"म्हणजे या कार्डांवरही माश्या आत वाढत होत्या. बाबांनी काम चोख केलं होतं. माश्या मेल्या त्या नंतर. मग हलगर्जीपणा कसला? हे तू सचिवांना का नाही सांगितलंस?"

"मला कोण विचारतं?"

"मी विचारतेय. गेली पंधरा मिनिटं."

भिंगवाली बरणीचं झाकण पुसायला लागली. वैतागून तिने कार्डं जमिनीवर क्रमाने मांडली. एक ते चाळीस, सगळी भोकं पडलेली. बेचाळीस ते शंभर, एकही भोक नाही. तिने पुन्हा मोजली.

"सचिव साठ म्हणत होते. ही एकोणसाठच आहेत. एकेचाळीस नंबरचं कार्ड कुठे गेलं?"

भिंगवालीच्या हातातलं झाकण खाली पडलं.

४

"कार्ड? मला काय ठाऊक? हरवलं असेल," भिंगवाली म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावून बसली. रडणाऱ्या माणसाची उलटतपासणी करता येत नाही. ही पाय आपटत औषधवाल्याकडे गेली.

औषधवाल्याचं फवारणीच्या औषधांचं दुकान शेडच्या भिंतीला लागूनच होतं. शाळेत तो तिच्याच बाकावर बसायचा.

"काय गं, माझ्यावर संशय घ्यायला आलीस?" तो म्हणाला. "सकाळपासून तू तिसरी. बस."

"बाबांच्या कार्डांनी तुझं गिऱ्हाईक तोडलं, हे खरं ना?"

"शंभर टक्के खरं. तीन वर्षं हे पंप तसेच पडून आहेत. बघ, कोळ्यांनी घर केलंय."

"भिंत एकच आहे. इकडून वाफ गेली तर?"

"अगं, वाफेला आकडे वाचता येतात का? एकाच फळीवरची चाळीस सोडून साठच मारायची म्हणजे मला औषधाला शाळेत घालावं लागेल. आणि मारायचं ठरवलं असतं तर चाळीस कशाला सोडली असती? अर्धवट काम मी गणितातही करायचो नाही."

"तू गणितात नापास व्हायचास."

"पूर्ण व्हायचो ना?"

तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटणार होतं; ते तिने रागाने गिळलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच जास्त चीड आणणारं होतं.

टेम्पोवाला शेताच्या बांधावर भेटला. त्याने कार्डं वाटायला नेली होती, आणि उन्हात टेम्पो उभा करून तो तासभर चहाच्या टपरीवर बसला होता, हे सगळे सांगत होते.

"तासभर नाही हो ताई, पाऊण तास," तो म्हणाला. "आणि उन्हात नाही, अर्ध्या उन्हात."

"अर्धं ऊन म्हणजे काय?"

"पुढची चाकं सावलीत होती."

तिने कपाळावर हात मारला. "कार्डं कशात ठेवली होती?"

"एकाच क्रेटमध्ये. सचिवांनी स्वतः भरून दिली. म्हणाले, लोक दाराशी उभे आहेत, आहेत तेवढी सगळी ने. क्रेटमधून मी वरची, खालची, मधली, हाताला येतील तशी वाटली."

म्हणजे ऊन लागलं असतं तर सगळ्यांना सारखंच लागलं असतं. मेली ती मात्र सलग आकड्यांची. शेडच्या बाहेर काही झालंच नव्हतं. जे झालं ते कार्डं अजून क्रमाने लावलेली होती तेव्हा, क्रेटमध्ये पडायच्या आधी.

ती तशीच शेडवर परतली. दाराला आतून कडी होती.

५

"मावशी, दार उघड. नाहीतर मी इथेच बसते. मला चार दिवस रजा आहे."

कडी निघाली. भिंगवाली काही बोलायच्या आत ती टेबलाशी गेली. एका हाताने भिंग, दुसऱ्या हाताने कार्डं. या खेपेला तिने दाण्यांकडे पाहिलंच नाही; कोपऱ्यातला आकडा पाहिला. एक ते चाळीस, बाबांचं अक्षर कोरल्यासारखं. बेचाळीसपासून पुढे निळी शाई फुटलेली, आकड्याभोवती धुरकट कडा.

"ही ओली झाली होती."

"शेतात दव पडतं," भिंगवाली पुटपुटली.

"दव चाळीस कार्डांना चुकवून पडतं का?"

तिची नजर खिडकीकडे गेली. ओळीने काचेच्या नळ्या उभ्या होत्या, तोंडाला कापसाचे बोळे. सगळ्या रिकाम्या, एक सोडून. शेवटच्या नळीत गुंडाळून घातलेलं कार्ड होतं. आकडा एकेचाळीस. शाई फुटलेली. नळीवरच्या चिठ्ठीवर बाबांच्या हाताने तारीख घातली होती.

ते गेले त्या दिवसाची.

ती स्टुलावर बसली. पण डोकं थांबलं नाही. "हे कार्ड शेतात गेलंच नाही. टेम्पोतही नाही. तरी ओलं आहे. म्हणजे त्या सकाळी, घरून आणतानाच ती ओली होती. आणि चांगलं कार्ड कुणी नळीत घालून माशी निघते का ते बघत बसत नाही. बाबांना संशय आला होता. तू समोर होतीस, मावशी. आता तरी बोल."

भिंगवालीने गळ्यातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"सरांनी एकेचाळीसपासून पुढच्या कार्डांचा डबा उघडला तर झाकणाला आतून पाणी सुटलेलं. मी हात लावला. नुसता गार नव्हता गं, बर्फात ठेवल्यासारखा होता. बर्फात माश्या मरतात, थंडीत नुसत्या झोपतात. मी म्हटलं, सर, हे कसं झालं? तर म्हणाले, 'माझ्याच हातून झालं. हा डबा बाजूला ठेव. दोन दिवसांत नळीतून माशी निघाली तर ठीक, नाहीतर एकही कार्ड देऊ नकोस.' मी वरच्या फळीवर ठेवला. त्यावर चिठ्ठी मी लावणार होते. कामाच्या नादात बारा वाजले, आणि अंगणातून हाका आल्या..." तिने भिंग टेबलावर पुढे सरकवलं. "दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे होते. परत येऊन बघते तर फळी रिकामी. सचिवांनी सगळी वाटून टाकलेली."

"आणि तू गप्प बसलीस."

"काय सांगू? सर स्वतःच म्हणाले होते माझ्या हातून झालं म्हणून? तो तर ठरावच झाला ना! वय झालं, एवढं म्हटलेलं बरं. चिठ्ठी मी लावली असती तर..."

"मावशी, चिठ्ठीचं राहू दे. बाबांनी नक्की हेच शब्द वापरले?"

"माझ्याच हातून झालं. मग जरा हसले."

"हसले?"

"हो. मलाही कळलं नाही कशाला."

६

आई भाजी निवडत होती.

"आई, बाबांनी कधी कार्डं बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती?"

"ह्यांनी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मी ठेवली होती एकदा, लग्नाच्या पहिल्या वर्षी. तीन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तेव्हापासून त्या कागदांना मी बोट लावत नाही, आणि तेही फ्रिजचा वरचा कप्पा उघडत नाहीत. बर्फ लागला तरी मला सांगायचे."

घरात माणसं तीन. दोन वजा झाली.

तिला काही आठवायची गरज पडली नाही. ते सगळं कधीपासूनचं तिथेच होतं, फक्त तिने त्या फळीकडे पाहिलं नव्हतं. पुसलेले कप्पे. दुधाची पिशवी ठेवायला जागा हवी. चपटा डबा, आणि वर बर्फाच्या कप्प्यात नेमकी तेवढीच फट. थंडच तर हवंय ना यांना, असं ती स्वतःशी म्हणालीसुद्धा होती. तासाभराने काढू म्हणून विसरली. सकाळी दूध काढताना डबा दिसला, तेव्हा तो ओढून काढला, त्यावरचा बर्फ ओट्याच्या कडेवर झटकला आणि दारातल्या जागी ठेवून दिला. बाबांची अंघोळ चालू होती.

साडेसातला त्यांनी पिशवी भरली तेव्हा डबा त्यांच्या हाताला लागला असणार. तीस वर्षांच्या हाताला काय कळलं नसेल? तरी त्यांनी एवढंच विचारलं. आणि तिने काय उत्तर दिलं होतं!

शुक्रवारच्या सभेला चाळीसेक माणसं होती. सचिवांनी ठराव वाचला. ती उठली आणि जमिनीवर मांडली होती तशीच कार्डं टेबलावर मांडून एकेक गोष्ट सांगत गेली: काळे दाणे, भोकं, फुटलेली शाई, नळीतलं कार्ड. भिंगवालीने उभं राहून डबा बर्फासारखा गार लागल्याचं आणि तो बाजूला ठेवल्याचं सांगितलं. बाबांचे शब्द तिने सांगितले नाहीत. ते सांगायचे नाहीत, हे तिने हिला न विचारताच ठरवलं होतं.

सभा चुळबुळली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे मास्तरांनी देऊ नका म्हटलं होतं, आणि सचिवांनी वाटली?"

सचिव उठले, बसले, पुन्हा उठले. "फळीवर चिठ्ठी नव्हती हो! मला काय स्वप्न पडणार? आणि मुळात डबा बर्फात गेलाच कसा, ते कुणाला माहितेय का?"

"तुमच्याकडचा फ्रिज दुरुस्त असता तर मास्तरांनी घरी नेलाच नसता," औषधवाला दारातून म्हणाला. त्याला सभेत बसायचा हक्क नव्हता, बोलायचाही नव्हता.

"तुम्ही सभासद नाही!"

"म्हणून उभा आहे."

हशा पिकला. सचिवांनी घाम पुसला आणि पेन उघडलं. "बरं, मिटवू या. हलगर्जीपणा काढून टाकतो. असं लिहितो, 'अज्ञात कारणामुळे'. सगळ्यांचीच सोय होते. माणूस गेलेला आहे, कुणाला बोल नको. चालेल ना बेटा?"

चाललं असतं. बाबांचं नाव सुटलं होतं, शेड बंद करायचं आता कुणी काढत नव्हतं. भिंगवाली तिच्याकडे पाहून मान हलवत होती. हो म्हण, असं. आई पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसली होती आणि तिला अजून काहीच माहीत नव्हतं.

सचिवांचं पेन कागदाला टेकलं.

"थांबा, काका. अज्ञात नाही." तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "डबा मी बर्फात ठेवला होता. फ्रिज आवरताना, जागा नव्हती म्हणून. सकाळी मीच काढून परत जागेवर ठेवला. बाबांनी विचारलं तेव्हा मी त्यांच्यावर डाफरले. त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी दोष स्वतःवर घेतला. हे असंच्या असं लिहा."

ती आईकडे वळली, आणि मग आईकडेही नाही, तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"बाबा, चुकलं माझं."